एक खिडकी आहे

"इथे पैसे किती द्यायचे?" आज सकाळी हॉलच्या दारात एक आजी विचारत होत्या, हातात शंभराची नोट घट्ट धरलेली. म्हटलं आजी, फुकट आहे, आपल्या गार्डन क्लबचं व्याख्यान आहे, या ना आत. तरी जरा वेळ चपलांपाशीच उभ्या होत्या.

नंतर प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सगळे गच्चीवरचे ड्रम, झाडं लावायच्या ग्रो बॅग, ठिबक यावरच बोलत होते, आणि अगदी शेवटी आजींनी हात वर केला. "मला गच्ची नाही, बाल्कनीपण नाही. एक खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं. त्यात काही येईल का?"

हॉल एकदम शांत झाला. बोलणाऱ्या ताई स्टेजवरून खाली येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. टोमॅटोला 6 तास तरी ऊन लागतं, ते नको म्हणाल्या, पण मेथी नक्की येईल, 6 इंच खोल डबा घ्या, बुडाला भोकं पाडा, महिन्याभरात भाजी. आणि बाजारातल्या जुडीतल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की मातीत लावा.

आजी हे सगळं लाइट बिलाच्या मागे लिहून घेत होत्या. सावकाश, एकेक शब्द.

घरी आल्यापासून ते लाइट बिलच डोळ्यासमोर येतंय. बाहेरचा बोर्ड मीच रंगवलाय, "गच्चीवरची बाग" असा, मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात "मोफत". आजी तरी आत आल्या. तो बोर्ड वाचून, आपल्याला कुठे गच्ची आहे असं म्हणत कितीजण खालूनच परत गेले असतील?