बिनानावाची पिशवी

आज अमळनेरला मावशीकडे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालायला गेलो. दुपारी पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन. गेल्या वर्षी तुमचेच समजून दुसऱ्याचे नेले, तळल्यावर फुललेच नाहीत! चूक त्यांची नाही. मावशीची पिशवी साधी, वर स्टेपलरची पिन, बस. बाजारात तश्शाच पन्नास.

म्हटलं, नाव छापू. तर मावशी म्हणे, "माल चांगला शे ना, मंग नाव कशाले?"

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सांगून पाहिलं. "वांगासले बी नाव?" म्हणून हसत सुटली.

संध्याकाळी मात्र वहीच्या पानावर स्वतःच आजीचं नाव लिहून आणलं. थोडं तिरकं, पण तेच अक्षर छापायचं. रंगावरून भांडण अजून चालू आहे. तिला गुलाबीच हवाय.