आमची वाटचाल : झेब्रा प्लेको, एक आरसा आणि एक वही

आम्ही शोभेचे मासे पैदा करून विकतो, मुख्यतः झेब्रा प्लेको, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, तळाशी राहणारा छोटा मासा. पण आम्ही काही पहिल्या दिवसापासून झेब्रावाले नव्हतो. गप्पी, मॉली, एंजल, मधे थोडे दिवस डिस्कस, आणि ज्यांच्यावर महिन्याचा खर्च निघायचा ते ब्रिसलनोज प्लेको, अशी सुरुवात. ब्रिसलनोजला कोणी मान देत नाही, पण गुहेत अंडी घालणाऱ्या माशांची शाळा तीच. नर गुहेत ठाण मांडतो, पंखांनी अंड्यांना वारा घालत राहतो आणि आपण त्यात नाक खुपसायचं नसतं. एवढं ज्याला जमलं त्यानेच पुढे जावं, असं माझं ठाम मत आहे. हल्ली मंडळींचा पहिलाच टँक असतो आणि त्यात थेट एल-४६, म्हणजे झेब्रा, सोडायचा असतो. असो.

झेब्रा घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात आणि धंद्यात दोन्हीकडे बोलणी खाल्ली. मासा जेमतेम आठ सेंटिमीटरचा. दिवसभर फटीत दडलेला. एका वेळी दहा-पंधरा अंडी, त्यातली सगळी जगतील याची खात्री नाही. पिल्लू विकण्याजोगं, म्हणजे तीनेक सेंटिमीटरचं, व्हायला अर्धं वर्ष सहज जातं आणि वयात यायला दोन ते तीन वर्षं. हिशेबाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. माझे तेव्हाचे भागीदार म्हणाले, "अहो, एवढ्या पैशात आख्खी खोली एंजलनी भरेल." भरली असती. पण एंजल सगळ्यांकडे होते.

मासा महाग का, हे समजावण्यात आजही माझा निम्मा दिवस जातो, म्हणून इथे एकदाच सांगून टाकतो. हा मासा ब्राझीलच्या शिंगू नदीचा, आणि सगळ्या नदीचाही नाही, तर खालच्या अंगाच्या खडकाळ, धावत्या पट्ट्यातला. शास्त्रीय नाव मिळालं 1991 मध्ये, हिपॅन्सिस्ट्रस झेब्रा. एल-४६ हा क्रमांक त्याच्या आधीचा, शास्त्रीय नाव न मिळालेल्या प्लेकोंसाठी जर्मन मासिक 'डाट्झ'ने 1988 पासून सुरू केलेल्या क्रमांकांच्या यादीतला. मग अंदाधुंद पकड झाली, ब्राझीलने निर्यात बंद केली, आणि चोरटा माल कोलंबिया-पेरूच्या बाजूने बाहेर जाऊ लागला. त्यातच बेलो मोंते धरण आलं आणि ज्या मोठ्या वळणावर हे मासे राहतात तिथलं बरंचसं पाणी वळवलं गेलं. 2017 मध्ये हा मासा साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, तिसऱ्या परिशिष्टात आला आणि 2022 च्या पनामा परिषदेत दुसऱ्या परिशिष्टात गेला, तोही नदीतून पकडलेल्या माशांचा व्यापारी कोटा शून्य ठेवून. थोडक्यात, आज कोणी तुम्हाला 'वाइल्ड' म्हणून झेब्रा देत असेल तर एक तर तो खोटं बोलतोय किंवा खरं बोलतोय, आणि खरं बोलत असेल तर जास्त लांब राहा.

तेव्हा उरला टँकमध्ये जन्मलेला मासा. त्यात तुम्ही मासा घेत नाही, त्याचे आईबाप घेता. आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे आणि याच वाक्यावरून तो एकदा बुडायला निघाला होता.

त्याआधी हत्यारांबद्दल. लोक येऊन टँक बघतात, मासे बघतात, पण ज्या वस्तूंमुळे मासे आहेत त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आमच्याकडची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात तो लांब दांड्याचा छोटा आरसा. गुहेचं तोंड प्रवाहाकडे असतं, नर आत शेपूट बाहेर करून बसलेला असतो, आणि अंडी त्याच्या पोटाखाली. टॉर्च एका बाजूने, आरसा दुसऱ्या बाजूने, आणि नराने शेपूट जरा उचलली की पिवळसर केशरी दाणे दिसतात. मटाराच्या लहान दाण्याएवढे, एकमेकांना चिकटून घोस झालेला. एवढंच बघायचं आणि हात काढून घ्यायचा. आरशाची कड आता काळी पडली आहे. नवा आणला होता, पण त्याचा दांडा आखूड निघाला.

गुहा मातीच्या, भाजलेल्या, आतून खरखरीत, एक तोंड बंद. रुंदी अशी हवी की नराचा पाठीचा पंख छताला लागला पाहिजे. ऐसपैस गुहा माणसांना आवडते, झेब्राला नाही. नर मादीला आत कोंडून धरतो, कधी कधी दोन-तीन दिवस, आणि गुहा रुंद असली की ती निसटते. बाजारात सुबक, गुळगुळीत, काचेसारखा मुलामा दिलेल्या गुहा मिळतात. त्यात शोभेचं रोप लावा.

एअर पंपाबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. झेब्राला पाणी 28 ते 30 अंश लागतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. म्हणजे ज्या माशाला उबही हवी आणि वेगवान, श्वास भरलेलं पाणीही हवं, त्याचा जीव पंपाच्या डायफ्रॅमवर, म्हणजे हवा ढकलणाऱ्या रबरी पडद्यावर, टांगलेला असतो. आमच्या प्रत्येक पंपाच्या झाकणावर आतून सुटा डायफ्रॅम चिकटपट्टीने लावून ठेवलेला आहे. कपाटात नाही, खणात नाही, झाकणावरच. रात्री पंप बसला की कपाट शोधायला वेळ नसतो. बॅटरीवरचा पंप वेगळा. स्पंज फिल्टर प्रत्येक टँकला दोन, एक धुतला तरी दुसरा पिकलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू धरलेला, राहतो. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, दर महिन्याला तपासून घेतो. ज्यांना हे सगळं जास्त वाटतं त्यांनी गोल्डफिश ठेवावेत असं मी म्हणणार होतो, पण गोल्डफिशलाही यापेक्षा फार कमी लागत नाही.

आणि वही. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची. कोणता नर, कोणती मादी, कोणती गुहा, अंडी कधी दिसली, कधी फुटली (साधारण आठवड्याच्या आत), बलक संपून पिल्लं कधी खायला लागली, किती वाचली. विकताना प्रत्येक पिल्लाचा डाव्या कुशीचा फोटो. प्रत्येक झेब्राचे पट्टे वेगळे असतात. कुठे फाटा फुटतो, कुठे दोन पट्टे जुळतात, हे मासा वाढला तरी आमच्या अनुभवात ओळखू येतं. भागीदार या वहीला हसायचे. पुढे त्यांनी दुसरा व्यवसाय धरला, चांगल्या मनाने वेगळे झाले, तो भाग सोडून देतो.

पहिली बॅच ज्यांनी घेतली ते आमचे सर. निवृत्त शिक्षक. सहा पिल्लं मागितली. मी म्हटलं, "सर, जोडी घ्या ना, कशाला एवढा खर्च?" सर म्हणाले, "अहो, या वयात नर कोणता, मादी कोणती हे तुम्ही मला सांगणार? तुम्हाला तरी कळतं का?" खरंच होतं. वयात आल्यावर नराचं डोकं रुंद होतं, कल्ल्यांमागे आणि छातीच्या पंखांच्या काट्यांवर राठ केसांसारखे काटे वाढतात. पिल्लात काय दिसणार? सहा घेतले म्हणजे बहुधा दोन्ही मिळतात. सरांनी पैसे मोजले, वहीतल्या आपल्या सहा फोटोंची प्रत मागून घेतली आणि फाइलला लावली. दर दोन-तीन महिन्यांनी ते येत, माशांचं खाद्य नेत, नाही तर नुसतेच बसत. आमच्या चुलीवरच्या चहाला त्यांच्याइतकी नावं कोणी ठेवली नाहीत.

मधली बरीच वर्षं नीट गेली. लिहिण्यासारखं काही नाही.

मग ते व्यापारी आले. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बोलायला गोड, पैसे वेळेवर, दर बॅचमधली डझनभर पिल्लं उचलायचे आणि 'तुमच्यासारखं काम कोणी करत नाही' हे दर वेळी सांगायचे. पुढे त्यांची मागणी कमी झाली, पण त्यांच्या जाहिरातीत आमच्या लाइनचे, म्हणजे आमच्या मूळ माशांच्या वंशाचे, झेब्रा मात्र वाढतच गेले. मला वाटलं, जुनाच माल असेल.

पहिली तक्रार फोटोसकट आली. पाचेक सेंटिमीटरचा मासा. डोक्याकडे पट्टे ठीक, पण मधल्या अंगापासून ते मोडलेले, शेपटीकडे नागमोडी, पोटाच्या कडेला ठिपके. ज्याने हिपॅन्सिस्ट्रसच्या चार जाती बघितल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही. झेब्रा त्याच कुळातल्या स्वस्त भावंडांबरोबर ठेवला तर संकर होतो, आणि तीन सेंटिमीटरला त्यातली निवडक पिल्लं बेमालूम खपतात. खरं रूप वर्षभराने उघडं पडतं. तोवर विकणारा पैसे मोजून मोकळा.

तक्रार त्या व्यापाऱ्यांकडे नाही, आमच्याकडे आली, कारण जाहिरातीत नाव आमचं होतं. दुसरी आली, तिसरी आली. 'यांची लाइन बिघडली' हे वाक्य आमच्या कानावर यायच्या आधी सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. दोन मोठ्या ग्राहकांनी ठरलेली उचल रद्द केली. झेब्राचं पिल्लू हळू वाढतं हे वर सांगितलं, पण खातं रोज. आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला लागणारे बारीक जिवंत कोळंबीसारखे जीव, रोज काढावा लागतो, हीटर रोज चालतात, विजेचं बिल कोणाची लाइन बिघडली ते विचारत नाही. रॅक भरलेले आणि दार रिकामं. आधी डिस्कस गेले, मग मोठे कॅनिस्टर फिल्टर, मग दोन रॅक काचांसकट. टँक धुणाऱ्या मुलाला दुसरीकडे काम बघून दिलं. मूळ नर-माद्यांना गिऱ्हाईक होतं, चांगली रक्कम द्यायला तयार होतं. ते कोण होतं याचा अंदाज वाचकांनी करावा.

मी त्या व्यापाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "निसर्ग आहे साहेब, पिढीत फरक पडतोच." बस. एवढंच.

सरांना हे कोणाकडून तरी कळलं. ते फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "वही काढा." त्यांचे सहा मासे तोवर मोठे होऊन व्यायले होते, पिल्लांची पिल्लं होती. त्या सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले, आमच्या वहीतल्या मूळ सहांशी जुळवले, आणि मग तक्रारीच्या माशांचे फोटो आम्ही विकलेल्या प्रत्येक पिल्लाशी ताडून पाहिले. एकही जुळला नाही. पट्ट्यांचा एक फाटासुद्धा नाही. सरांनी तक्रार करणाऱ्यांना एकेक करून घरी बोलावलं, टँकसमोर खुर्ची टाकून बसवलं आणि शिक्षकी आवाजात विचारलं, "यात कुठे ठिपका दिसतो का? नीट बघा. घाई नाही." लोक परत यायला बरेच महिने लागले. पण आले. मूळ मासे विकावे लागले नाहीत.

आता ज्यांना घ्यायचे आहेत त्यांना दोन शब्द, विचारलं नसलं तरी. 'सिद्ध जोडी' म्हणून मोठे मासे विकायला निघाले तर विकणारा का विकतोय ते विचारा. व्यालेली जोडी शहाणा माणूस सोडत नाही, बहुतेकदा ते म्हातारे झालेले असतात. वाढती पिल्लं घ्या, सहाच्या खाली नको, आणि जमलं तर दोन वेगळ्या आईबापांची, म्हणजे पुढे भावंडांचाच संसार होत नाही. पोट खपाटीला गेलेलं आणि डोळे खोल गेलेले असतील तर किंमत कितीही पाडून देऊ द्या, हात लावू नका. मासा खाताना बघा, आणि नुसता खाताना नाही, दुसऱ्या दिवशीची विष्ठाही बघा. हा शेवाळ खाणारा मासा नाही. त्याला मांसाहार लागतो, गोठवलेल्या अळ्या, कोळंबी, तेव्हा 'काच साफ करतो' असं सांगणाऱ्याचं दुकान सोडून या. घरी आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवा, जंतांचं औषध आपल्या जाणकाराला विचारून द्या, आणि तांब्याची औषधं या माशांना सोसत नाहीत हे लक्षात ठेवा. विकणाऱ्याच्या पाण्याचं तापमान आणि टीडीएस लिहून आणा, म्हणजे पहिल्या आठवड्यात पाणी जुळवताना गोंधळ होणार नाही. कागद मागा. साइटिसमधला मासा आहे, बाहेरून आला असेल तर परवान्याशिवाय घेऊ नका. इथे जन्मला असेल तर आईबाप दाखवायला सांगा. दाखवायला कचरला की निघा.

सध्या रॅक पुन्हा भरलेले आहेत, टँक धुणारा मुलगाही परत आला आहे. सर अजून येतात, चहा अजून नावडता आहे. वहीचा चौथा खंड चालू आहे.

त्या व्यापाऱ्यांचाही धंदा चालू आहे, आणि हल्ली त्यांच्या पिल्लांसोबत छापील नोंदपत्र मिळतं. एका ग्राहकाने दाखवलं. रकाने आमच्याच वहीतले, क्रमसुद्धा तोच, डाव्या कुशीच्या फोटोची चौकटही आहे. नर आणि मादी या दोन रकान्यांत मात्र आडव्या रेघा मारलेल्या होत्या.