कुत्र्यासाठी कुठलं खेळणं आणू?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, व्हेटकडच्या रांगेत, आणि हल्ली तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हा एक प्रश्न हमखास येतो: "आमचा घरात फार बोअर होतो हो, काहीतरी चावत बसतो. कुठलं खेळणं आणू?" माझ्याकडे कुत्री कायमचीच, शिवाय गावाला जाताना शेजारीपाजारी आपापली कुत्री माझ्याकडे सोडून जातात, म्हणून हा मान. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खेळण्याचं नंतर बघू. आधी त्याची जेवणाची वाटी उचलून माळ्यावर टाका.

हे मी मजेत म्हणत नाही. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांच्या हाताखाली राबायचे, गार पाण्यात उड्या मारून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणायचे. १८९९मध्ये जर्मनीत जर्मन शेफर्डची संस्था निघाली, आणि ती जात घडली मेंढपाळांच्या कुत्र्यांमधूनच. बीगल सशांच्या मागावर फिरणारा. आणि आपला गावठी तर पोटासाठी सकाळपासून उकिरडे हुंगत वणवण करतो. असल्या कष्टकरी खानदानातलं पोर आपण टू बीएचकेत आणतो, समोर आयतं ताट ठेवतो, ते डोळ्यांदेखत चाटूनपुसून साफ होतं आणि मग अख्खा दिवस त्याने करायचं काय? झोपतो बिचारा. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपून काढतो, त्यात वावगं काही नाही. पण जागा झाल्यावर हाताशी काम नसलं की तो स्वतः शोधतो. आमच्या बिल्डिंगमधल्या लॅबने चपलांचं कपाट शोधलं होतं.

म्हणून जेवण हेच काम. एक जुना टॉवेल जमिनीवर पसरा. त्याच्या रोजच्याच जेवणातले दाणे किंवा पोळीचे तुकडे त्यावर भुरभुरवा आणि सैल गुंडाळी करा. पहिल्यांदा तो पंजा मारेल, मग तुमच्या तोंडाकडे बघेल. लगेच उघडून देऊ नका; अगदीच हिरमुसला तर एक टोक उलगडा. जमायला लागलं की गुंडाळी घट्ट करायची, मग तिला गाठ मारायची. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मिळाला तर फारच छान. खळग्यांत दाणे टाकायचे, वरून रद्दी कागदाचे बोळे खुपसायचे. त्या लॅबला मी हे दिलं तेव्हा आधी नुसती फुर्र-फुर्र ऐकू येत होती. एकेक बोळा दातांत धरून बाजूला, खळगा चाटून कोरडा, मग पुढचा. दाणे संपल्यावर ट्रेच्या चिंध्या. फाडू द्या, पुठ्ठा गिळत नाही ना एवढं बघा. नंतर तो पंख्याखाली असा आडवा झाला की दाराची बेल वाजली तरी फक्त एक डोळा उघडला.

विकतचंच हवं असेल तर कॉंग घ्या, ते पोकळ रबरी खेळणं. अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घालवत होता. गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगनच्या सस्पेन्शनचा रबरी तुकडा त्याच्या तोंडी लागला, तो काही सोडेना. त्यावरून हे खेळणं निघालं. दही आणि शिजवलेला भोपळा आत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. मनुका-द्राक्षं, कांदा, चॉकलेट मात्र अजिबात नको, आणि पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर तेही नको. हे विषच.

फिरवण्याचं म्हणाल, तर बहुतेक लोक कुत्र्याला फिरवत नाहीत, ओढत नेतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पट्टा, आणि तो खांबाशी थांबला रे थांबला की "चल, चल". अहो, आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. त्या खांबापाशी कोण येऊन गेलं, हे त्याला वाचायचं असतं. दोन किलोमीटर कमी चाला, पण हुंगू द्या. भर पावसाळ्यात बाहेर जाणं होत नाही तेव्हा जिन्यात दाणे लपवा, मुलांनाही उद्योग मिळतो. लेझरच्या लाल ठिपक्यामागे मात्र पळवू नका. हाती कधीच काही लागत नाही, आणि काही कुत्री मग भिंतीवरच्या सावल्यांमागेही वेड्यासारखी लागतात.

"जोडीला दुसरा आणू का?" हा पुढचा प्रश्न. दुसरा हवा असेल तर जरूर आणा, पण कपाट वाचेल म्हणून नको. दोघं मिळून सोफासुद्धा उरकतील.

एक गोष्ट आधी तपासा. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा सहसा आधी झोप काढतो आणि मग उद्योगाला लागतो. पण तुम्ही दार ओढल्याबरोबर तो रडायला लागला, लाळ गाळत येरझाऱ्या घालू लागला, चौकट खरवडू लागला, समोरचा आवडता खाऊही शिवेना, तर तो कंटाळा नाही, एकटेपणाची भीती आहे. तिथे माझे टॉवेल आणि ट्रे पुरे पडणार नाहीत. तो व्हिडिओ व्हेटना दाखवा, आणि तोवर त्याला एकटं ठेवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, नाहीतर माझ्याकडे सोडा.