तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फुई’ कुठे आणि ‘इबा’ कुठे?

स्पॅनिश शिकणारी मराठी मंडळी वर्तमानकाळातून बाहेर पडली की हमखास विचारतात: ‘मी गेलो’ला फुई म्हणायचं की इबा? आणि पुस्तकात मध्येच ए इदो, आबीया इदो येतं, त्याचं काय करायचं?

उत्तराचा मोठा भाग तुम्हाला आधीच येतो. ‘गेलो’ म्हणजे फुई, हा इन्देफिनिदो, पूर्ण झालेल्या कामाचा भूतकाळ. ‘जायचो’ आणि ‘जात होतो’ या दोन्हींसाठी इबा, हा इम्पेर्फेक्तो, सवयीच्या किंवा चालू असलेल्या कामाचा भूतकाळ. ‘दर उन्हाळ्यात आम्ही आजीकडे जायचो’ हे वाक्य बोलताना तुम्हाला विचार करावा लागत नाही. तिथे डोळे मिटून इबामोस म्हणा. ‘निघणारच होतो, तेवढ्यात फोन आला’ यातलं ‘निघणारच होतो’ म्हणजे इबा आ सालीर. इंग्रजीतून विचार केलात तर हा फायदा हातचा जातो, कारण तिथलं ‘वेंट’ एकदा गेलो आणि नेहमी जायचो, दोन्हींना चालतं. मनात भाषांतर करायचंच असेल तर ते मराठीतून करा.

मराठी फसवते ती ‘होतो’पाशी, आणि तीही दोन प्रकारे.

पहिला प्रकार मुदतीचा. ‘मी पाच वर्षं बँकेत काम करत होतो.’ कानाला ‘करत होतो’ ऐकू येतं, म्हणून विद्यार्थी त्राबाखाबा लिहितात. पण पाच वर्षं सांगितली की काळाला कुंपण पडलं, काम सुरू होऊन संपलं. म्हणून त्राबाखे सिंको आन्योस एन उन बांको. काम कितीही लांबलेलं असो, स्पॅनिशला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते पूर्ण झालेलं एक अख्खं काम म्हणून सांगताय का, एवढंच ती बघते. ‘बँकेत काम करत होतो तेव्हा आनाशी ओळख झाली’ यात मुदत नाही, काम नुसतं मागे चालू आहे. तिथे क्वांदो त्राबाखाबा बरोबर, आणि ओळख झाली ती कोनोसी. तीनदा, दोन वेळा असा आकडा आला तरी हेच: माद्रिदला तीनदा गेलो, फुई त्रेस बेसेस आ माद्रिद.

दुसरा प्रकार जास्त चिवट आहे. ‘काल मी बाजारात गेलो होतो’ असं आपण सर्रास म्हणतो. म्हणायचं असतं फक्त ‘गेलो’, म्हणजेच आयेर फुई आल मेर्कादो. इथे आबीया इदो म्हणालात तर समोरचा थांबून राहतो: कशाच्या आधी गेला होतात? हा प्लुसक्वाम्पेर्फेक्तो, आणि त्याला भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, नुसता ‘काल’ पुरत नाही.

तिन्ही रूपं एकाच वाक्यात बसवून बघा. क्वांदो येगे, आना सेनाबा: मी पोचलो तेव्हा आना जेवत होती. क्वांदो येगे, आना सेनो: मी पोचलो आणि मग ती जेवली. क्वांदो येगे, आना आबीया सेनादो: मी पोचायच्या आत तिचं जेवण उरकलं होतं.

काही क्रियापदं काळ बदलला की अर्थही बदलतात. यादी पाठ करण्यापेक्षा मराठी जोड्या लक्षात ठेवा. माहीत होतं, साबीया, कळलं, सुपे. जमण्यासारखं होतं, पोदीया, जमलं, पुदे. जायची इच्छा नव्हती, नो केरीया इर. जायला साफ नकार दिला, नो किसे इर. यातल्या शेवटच्या जोडीत चुकलात तर विनाकारण कुणाचं मन दुखावेल. वय आणि घड्याळातली वेळ मात्र इम्पेर्फेक्तोतच: तेनीया दिएस आन्योस (दहा वर्षांचा होतो), एरान लास त्रेस (तीन वाजले होते). दहा वर्षं पूर्ण झाली असं म्हणायचं तर कुंप्ली.

‘आयेर (काल) आलं की इन्देफिनिदो, सिएम्प्रे (नेहमी) आलं की इम्पेर्फेक्तो’ ही युक्ती सोडून द्या. ‘काल निघालो तेव्हा पाऊस पडत होता’ म्हणताना आयेर असूनही पावसाला योबीयाच लागतं, आणि ‘त्याला आयुष्यभर डॉक्टरच व्हायचं होतं’ यात सिएम्प्रे किसो अगदी शुद्ध आहे.

सरावासाठी दहा ओळींचा एखादा प्रसंग घ्या. आधी फक्त ‘मग काय झालं?’ची उत्तरं इन्देफिनिदोत लिहा. नुसती तेवढी वाचूनही गोष्ट पुढे सरकली पाहिजे. मग मधल्या फटींत हवा, कपडे, मनःस्थिती, चालू असलेली कामं इम्पेर्फेक्तोत भरा. रूपांचं म्हणाल तर इम्पेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). सगळी पाठांतराची ताकद इन्देफिनिदोवर लावा: तुबे, एस्तुबे, पुसे, बिने, इसे, दिखे, त्राखे.

राहिला पेर्फेक्तो, ए इदो, म्हणजे ‘गेलो आहे’. ‘आज उशिरा नाश्ता केला’ याला माद्रिदमध्ये ओय ए देसायुनादो तार्दे म्हणतात, कारण आजचा दिवस अजून संपलेला नाही. मेक्सिकोत आणि ब्युनोस आयर्समध्ये देसायुने म्हणतात. स्पेनमधल्याच गालिसियातही बहुतेक तसंच. आपल्याकडची बरीच पुस्तकं स्पेनच्या पद्धतीने शिकवतात, त्यामुळे मेक्सिकन सहकाऱ्याचं बोलणं चुकीचं वाटतं; ते चूक नसतं. लिहिताना मात्र एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. गोव्यात आधी पोर्तुगीज शिकलेल्यांनी इथे जास्त जपावं: पोर्तुगीजमधलं तेन्यु कुमीदु म्हणजे अलीकडे वरचेवर खातोय, आणि स्पॅनिशमधलं ए कोमीदो म्हणजे खाल्लं आहे, मग ते एकदाच का असेना.