आईची पोटरी आणि नारायण तेल

गेल्या महिन्यात आई पुण्याहून लग्न आटपून बसने इंदूरला आली, रात्रभराचा प्रवास, खिडकीची सीट, आणि वाटेत बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणीसुद्धा जेमतेम प्यायली. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. बसून बसून आखडली असेल म्हणून मी नारायण तेल कोमट करून चोळायला बसणार तेवढ्यात रामबागेतल्या काकू आल्या, त्या रिटायर्ड नर्स, म्हणाल्या हात लावू नकोस, आधी शिलाईची टेप आण. उजवी पोटरी 33 सेंटीमीटर, डावी 37! आणि गरम. तशाच उठून डॉप्लरला, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीला गेलो.

डीव्हीटी निघाला, म्हणजे पायाच्या आत खोल असलेल्या शिरेत रक्ताची गुठळी. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू लागतात, आपण चाललो की ते शिरा पिळतात आणि शिरेतल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत, पण तासन्‌तास पाय तसेच ठेवले की पिळणं बंद, रक्त साचतं. ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सर, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी पण धोका वाढतो. स्क्रीनवर मी स्वतः बघितलं, डॉक्टरांनी प्रोब दाबला की चांगली शीर लगेच चपटी व्हायची, गुठळीवाली होतच नव्हती.

खरी भीती तुकडा सुटून फुप्फुसात अडकायची. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जायचं. आणि मी त्याच पोटरीवर जोर लावून चोळणार होते, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. आपल्याकडे पाय दुखला की पहिलं तेलच येतं ना, प्लीज, एकच पाय सुजला असेल तर नका चोळू.

आता गोळ्या चालू आहेत, निदान 3 महिने. रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणतात, पण रक्त काही पाण्यासारखं होत नाही, गुठळी वाढायची थांबते आणि शरीर स्वतःच ती हळूहळू विरघळवतं. आई गुडघ्यासाठी मनानेच पेनकिलर घ्यायची ते बंद केलंय, दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

काल टेप लावली, साडेचौतीस. आई म्हणाली, आता तरी लाव तेल. म्हणलं, सोमवारी डॉक्टरांना विचारू.