लांडी नळी

शनिवार, रात्री

आत्याकडची रायफल आज घरी आली. जुन्या चादरीत गुंडाळलेली, वर सुतळीच्या दोन गाठी. आत्याच्या गाठी सुटत नाहीत आणि कापायचं मन होत नाही, म्हणून अर्धा तास नखं झिजवत बसले. परवाना, हस्तांतर, पडताळणी यांत पाच महिने गेले. त्यावर लिहायला घेतलं तर वही संपेल आणि पुढेमागे वाचताना मलाच जांभया येतील. ते राहू दे.

चादर सुटल्यावर आधी वास आला. तेल, जुनं लाकूड आणि बंद कपाट यांचा मिळून एक. दस्ता अक्रोडाचा, गाल टेकतो तिथे काळपट आणि गुळगुळीत झालेला. लोखंडाचा मूळचा निळसर काळा रंग कडांवरून केव्हाच उडालाय, आता ती करडी-तपकिरी दिसते.

लहानपणी ही कपाटाच्या माथ्यावर असायची. हात लावायची बंदी होती, पण तिची गोष्ट हवी तितक्या वेळा ऐकायला मिळे. पणजोबांनी १८९४ साली कोरी घेतली, तिच्या धाकाने रानडुकरं शेताची वाट विसरली, वगैरे. आजोबा सांगायचे. आम्ही सगळी भावंडं त्यांच्या उजव्या हाताला बसायचो, कारण डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. कान तापात गेला, असं घरात म्हणत.

बाबांना फोन करून सांगितलं. "आणलीस? बरं," म्हणाले आणि माझ्या गाडीच्या टायरची चौकशी सुरू केली. बाबांनी ही रायफल हातात घेतलेली मी कधी पाहिली नाही. आजोबांच्या मागे ती खरं तर त्यांच्याकडे यायची, आली आत्याकडे. आत्याचा नेम घरात सगळ्यांत चांगला, म्हणून असेल, एवढंच मी धरून चालले होते.

सोमवार

कालचा रविवार सगळा तिच्यात गेला. आधी लिव्हर खाली ओढून चेंबर पाहिलं, करंगळी घालून पाहिलं, मॅगझीन रिकामं असल्याची खात्री केली. मग पुन्हा एकदा तेच. रिकाम्या बंदुकीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आत्याने निघताना तीनदा बजावलं होतं.

लिव्हर खाली केली की रायफलचं पोटच्या पोट खाली उतरतं. काडतुसामागचा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, मागे सरकतो, जाता जाता घोडा चढवतो, रिकामी पुंगळी वरून बाहेर उडते. लिव्हर परत वर घेतली की नवं काडतूस उचललं जाऊन चेंबरात बसतं आणि बोल्टच्या मागे एक जाड पट्टी उभी सरकून त्याला अडवते. हे सगळं उजव्या हाताच्या एका झटक्यात, गाल दस्त्यावरून न उचलता. लिव्हर मुठीत पुरती आवळल्याशिवाय चाप ओढलाच जात नाही. वेगळं सेफ्टी बटण नाही, घोडा अर्ध्यावर ठेवायचा, की झालं. आतली करामत उघड्यावर मांडणारी यंत्रं मला आवडतात. शिवणयंत्रसुद्धा त्याचसाठी आवडतं.

काडतुसं उजव्या अंगाच्या झडपेतून अंगठ्याने ढकलायची. झडपेची स्प्रिंग अजून इतकी कडक आहे की नखाखाली रक्त साकळलं. काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझीनमध्ये एकामागे एक आडवी झोपतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं बार पेटवणाऱ्या टोपीला टेकतं. गोळी टोकदार असली तर धक्क्याने टोपी फुटायची भीती. म्हणून या रायफलच्या गोळ्या नाकाने चपट्या. हे वाचल्यावर आजोबांच्या टेबलावरची ती बसक्या नाकाची गोळी आठवली. मला ती वापरून बोथट झालेली वाटायची.

एक कबुली. या जुन्या स्क्रूंच्या खाचा अगदी अरुंद असतात, त्यांना सरळ, समांतर पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. घरातला निमुळत्या पात्याचा लावला, तो निसटला आणि एका स्क्रूचं तोंड चावलं गेलं. शंभरेक वर्षांत कुणी केलं नाही ते मी दुसऱ्या दिवशी केलं. बाकीचे स्क्रू जसे आहेत तसे.

बुधवार

नळी साफ केली. ही मागून उघडत नाही, तोंडाकडूनच गज घालावा लागतो आणि गज तोंडावर घासू द्यायचा नाही, कारण गोळी नळी सोडते त्या कडेवर नेम ठरतो. पहिल्या पाच चिंध्या काळ्या निघाल्या, मग तांबूस, मग जवळपास पांढऱ्या. आतले पीळ शाबूत आहेत, मधे मधे गंजाची बारीक भोकं. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की नळीत त्याचं क्षार उरतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. तेलाने ते जात नाही, पाण्याने जातं. म्हणजे तेव्हा जो बंदुकीला पाणी लावायला घाबरला त्याचीच बंदूक गंजली.

आता गोष्टीतलं १८९४. दस्त्याच्या वरच्या पट्टीवर ते साल खरंच कोरलंय, पण ती पेटंटची तारीख आहे: २१ ऑगस्ट १८९४. रचना जॉन ब्राउनिंगची, बनवली न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्याने. हे मॉडेल कधीही बनलं तरी बरीच वर्षं ती तारीख कोरली जाई, आणि आमच्यासारखी कितीतरी घरं तिलाच जन्मसाल समजत आली. शिवाय आमच्या नळीवर '.३० डब्ल्यूसीएफ' हे काडतुसाचं नाव आहे आणि 'निकेल स्टील, खास बिनधुराच्या दारूसाठी' असा छाप आहे. पहिल्या वर्षी ही रायफल काळ्या दारूच्या जुन्या काडतुसांसाठीच निघत होती. बिनधुराच्या दारूचं हे काडतूस १८९५ मध्ये आलं, त्यालाच लोक थर्टी-थर्टी म्हणतात: नळीचं भोक .३० इंचाचं, दारू ३० ग्रेन वजनाची. म्हणजे आमची १८९४ ची असूच शकत नाही.

मग आणखी एक हिशेब सुचला, जो घरात इतक्या वर्षांत कुणी केला नव्हता. १८९४ साली पणजोबा किती वर्षांचे होते? सात.

मी एकटीच हसत बसले होते. आजोबांना हे माहीत नसेल असं वाटत नाही.

(पुढे दीड महिना काही लिहिलं नाही)

गुरुवार

पत्र आलं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपल्यात. या मॉडेलच्या पहिल्या ३,५३,९९९ क्रमांकांपर्यंतच्या नोंदी तिथे सापडतात. आमचा नंबर तीन लाखांच्या पुढचा, थोडक्यात आत बसला. नंबर पाठवला की ते नोंद काढून देतात.

पत्र कोरडं आहे, वाण्याच्या वहीसारखं. रायफल, .३०, अष्टकोनी नळी, गोदामातून रवाना १९०५. कुणी घेतली, कशी हिंडत हिंडत पणजोबांपर्यंत आली, काही नाही. पणजोबा तेव्हा अठराचे, त्यामुळे तीही जागा मोकळीच. नवी घेतली असेल किंवा चौथ्या हाताने.

माझी नजर मात्र दुसऱ्याच शब्दावर अडकली. रायफल. कार्बाइन नव्हे. मी पहिल्यापासून हिला कार्बाइन धरून चालले होते, कारण ती आखूड आहे. पण कार्बाइनची नळी गोल, २० इंचांची, आणि डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची कडी. आमची नळी अष्टकोनी आहे. कडी नाही, कडीचं भोकही नाही. या रायफलची नेहमीची नळी २६ इंचांची.

गज घालून मोजली. साडेएकवीस. पुन्हा मोजली. साडेएकवीस.

मग भिंग घेऊन नळीचं तोंड पाहिलं. कारखान्याची कड गोलसर, एकसारखी असते. हिच्यावर कानशीचे बारीक तिरके ओरखडे आहेत, हाताने घासलेले, पण फार सावकाश, फार जपून. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचं टोक, ज्या खाचेत बसते ती खाचही हातानेच पाडलेली. माशी केसभर उजवीकडे. खालची मॅगझीनची नळीसुद्धा त्याच मापाने कमी केलेली. साडेचार इंच नळी कुणीतरी कापून टाकली, आणि ज्या घरात तिच्या पाच गोष्टी रोज सांगितल्या जायच्या तिथे या गोष्टीचा उच्चारही कधी झाला नाही.

(हौशी संग्राहकांच्या लेखी हिची किंमत या कापण्याने गेली. एरवीही दुर्मिळ नव्हतीच: हे मॉडेल सत्तर लाखांहून जास्त बनलं, १९२७ मध्ये दहा लाखावी रायफल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती. मला विकायची नाही, त्यामुळे माझं काहीच गेलं नाही.)

रविवार

आत्याकडे गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आत्या, नळी कुणी कापली गं?"

ती चष्मा पुसत होती. पुसतच राहिली.

"मोजलीस होय?"

"मोजली."

"मी साठ-सत्तर वर्षं तेल लावलं, कधी मोजली नाही," म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मी पण बोलले नाही, कारण आत्याला ढोसलं की ती विषय बदलते. हा घरचाच गुण.

"तुझा बाप अकराचा होता. मी सोळाची. तात्या त्याला घेऊन डुकरामागे गेले होते. ओढा उतरायचा होता म्हणून तात्यांनी बंदूक याच्याकडे दिली. पलीकडची दरड निसरडी. हा घसरला आणि त्याने बंदूक काठीसारखी टेकवली. तोंड खाली करून. चिखलात."

पुढचं मला कळलं, तरी तिला सांगू दिलं.

"वरचा चिखल सदऱ्याने पुसला. आतला दिसतोय थोडाच! तात्यांनी विचारलं, लागलं का रे? म्हणाला, नाही. बंदुकीचं नाही बोलला, भ्यायला होता. शंभर पावलांवर डुक्कर उठलं, तात्यांनी बार काढला."

सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी चिखलाच्या बोळ्यावर जाऊन आदळते. मागचा वायू तिथेच दाटतो आणि वाट मिळेल तिथून फुटतो. नळी तोंडापाशी फुगली, एका पैलूवर चार बोटं चीर गेली. चेंबरात फुटली असती तर आजोबांचा चेहरा राहिला नसता. उजव्या खांद्याने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. ताप वगैरे काही नव्हताच.

"तात्या काय म्हणाले?"

"काही नाही. रात्री सगळे निजल्यावर करवत आणि कानस घेऊन ओसरीवर बसले. याला उठवलं, कंदील धरायला. पहाटेपर्यंत चाललं होतं. मी खिडकीतून बघत होते. एकदाही ओरडले नाहीत गं. एकदाच म्हणाले, कंदील जरा वर. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे हा काय पुटपुटत होता तेही त्यांना कळलं नसणार."

"बाबा काय पुटपुटत होते?"

"ते तू त्याला विचार."

मी विचारणार नाही, असं तिथेच ठरवलं.

मंगळवार

बंदुकीच्या कारागिराकडे तपासून आणली. चेंबर मापात, बोल्टची पट्टी घट्ट, झडायला हरकत नाही म्हणाले. तोंडावर बोट फिरवून बघत राहिले. "हाताने केलंय, पण काटकोनात आहे अगदी. कुणी केलं?" मी म्हटलं, आजोबांनी. चावलेल्या स्क्रूबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शनिवार

बाबा आले. येणार असं सांगितलं नव्हतं, टायर बघायला म्हणून आले. टायर बघून झाले. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण बघू."

मी लिव्हर उघडून, रिकामी दाखवून हातात दिली. घेताना त्यांचा हात दस्त्याखाली बरोबर जिथे जायला हवा तिथे गेला. खांद्याला लावली नाही. आडवी मांडीवर घेतली, माझ्याकडून गज मागितला आणि तोंडाकडून आत घातला, पार मागपर्यंत. खट्ट आवाज आला तेव्हा बाहेर काढला. खिडकीकडे तोंड करून नळीतून पाहिलं. मग पुन्हा गज घातला.

मी काही बोलले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा गज काढला, नीट पुसला, टेबलावर समांतर ठेवला.

"माशी उजवीकडे आहे," म्हणाले.

"हो. कारागीर म्हणाले, सरळ करून देतो."

त्यांनी अंगठ्याने माशीवरून हात फिरवला. "ती मी कंदील हलवला तेव्हाची आहे. राहू दे."