आधी परीक्षा ठरवा, अभ्यासक्रम मागाहून

महाविद्यालयात मायक्रो-क्रेडेन्शिअल, म्हणजे एखाद्याच कौशल्याचं छोटं प्रमाणपत्र, सुरू करायचं ठरलं की पहिलं पाऊल बहुतेक वेळा चुकीचं पडतं. चालू अभ्यासक्रमातलं एखादं युनिट उचलायचं, त्याला 'इंडस्ट्री रेडी' असं काहीतरी नाव द्यायचं आणि वीस एमसीक्यूंची (पर्याय निवडायच्या प्रश्नांची) चाचणी घेऊन प्रमाणपत्र वाटायचं. कागदोपत्री सगळं चोख असतं. पण हा मुलगा उद्या लाइनवर उभा केला तर चालेल का, हे कारखान्यातल्या क्वालिटीवाल्याला त्या कागदावरून कळत नाही.

उदाहरण म्हणून पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यातल्या मशीनिंग कारखान्यांसाठी 'मितीय तपासणी' (पीसची मापं बरोबर आहेत का ते पाहणं) हे एक क्रेडिटचं मायक्रो-क्रेडेन्शिअल घेऊ. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. त्यात वर्ग, प्रात्यक्षिक, स्वतःचा सराव आणि मूल्यमापन सगळं धरायचं असतं. हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं आणि तीसच्या तीस तास वर्गात जातात. आमची वाटणी अशी: ६ तास समजावणं आणि करून दाखवणं, १४ तास लॅब, ६ तास कारखान्यात, ४ तास परीक्षा.

गरज शोधायला एचआरकडे जाऊ नका. तिथे 'कम्युनिकेशन' आणि 'अॅटिट्यूड' ही दोन उत्तरं तयारच असतात. लाइन इन्स्पेक्टर आणि शिफ्ट सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा: नवा मुलगा पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय चुकवतो? सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट, कंट्रोल प्लॅन (कुठे, काय आणि कशाने तपासायचं याचा तक्ता) आणि रिजेक्शनच्या नोंदी मागा. पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव झाकून द्या म्हटलं की बरेच जण देतात. निदान चार-पाच कारखाने हवेत, त्यांत वीस-तीस माणसांचे छोटेही. एकाच मोठ्या कंपनीच्या सांगण्यावरून कोर्स बांधला, तर तो तिच्या फॉरमॅटचं फुकट प्रशिक्षण होऊन बसतो आणि शेजारच्या गाळ्यात त्या कागदाला किंमत उरत नाही.

या चौकशीतून बहुधा तीनच गोष्टी वर येतात: चुकीचं उपकरण उचलणं, मोजताना उपकरणाचा दाब आणि पीसचं तापमान न पाहणं, आणि मापाच्या मर्यादेवरचा पीस 'चालेल' म्हणून सोडणं. परीक्षा याच तिन्हींची घ्यायची. ती कशी घ्यायची हे ठरलं की काय शिकवायचं ते आपोआप ठरतं.

समजा पीस आहे २५ मिमी व्यासाचा स्टीलचा शाफ्ट, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ० ते उणे ०.०२१ मिमी. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (वाचता येणारं सर्वांत लहान माप) व्हर्नियर इथे जवळपास निरुपयोगी आहे, कारण त्याचा एक भागच सगळी टॉलरन्स खाऊन टाकतो. टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत वाचणारं उपकरण हवं हा सर्रास वापरला जाणारा नियम लावला, तर ०.०१ चा साधा मायक्रोमीटरही कमी पडतो, ०.००१ वाला लागतो. म्हणून टेबलावर तिन्ही ठेवा आणि कोणतं घ्यायचं ते सांगू नका. निम्मी परीक्षा इथेच होते. तापमानाचं तसंच. मशीनवरून नुकताच उतरलेला पीस मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर २५ मिमीवर तो साधारण ६ मायक्रॉन फुगलेला असतो, म्हणजे टॉलरन्सच्या पाव भागापेक्षा जास्त. गार झाल्यावर खालच्या मर्यादेबाहेर जाणारा पीस तेव्हा बेलाशक 'ओके' दिसतो. परीक्षेत एक पीस मुद्दाम कोमट करून द्यायचा. उमेदवार तो बाजूला ठेवून गार होऊ देतो की घाईने आकडा लिहून मोकळा होतो, हे पाहायचं.

संचात दहा पीस पुरतात: सहा चांगले, चार मर्यादेबाहेरचे. त्यांची खरी मापं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आधी काढून घ्या. जो पीस सीमेच्या इतका जवळ आहे की प्रयोगशाळेच्या मोजमापातल्या अनिश्चिततेतच त्याचा निकाल अडकतो, तो संचातून काढा. नाहीतर उमेदवाराशी वाद होईल आणि तो बरोबर असेल. पिसांवर फक्त कोड टाका. पहिली फेरी झाली की न सांगता क्रम बदलून तेच पीस पुन्हा द्या. तोच पीस पहिल्या फेरीत पास आणि दुसऱ्यात नापास करणारा उमेदवार मोजत नाही, अंदाज बांधतो. एकही वाईट पीस पास केला तर दुसऱ्या संचावर पुन्हा परीक्षा. एखादा चांगला पीस नापास केला तर माफ. दोन्ही चुकांना सारखे गुण कापणारी पद्धत ग्राहकाकडून परत आलेला माल कधी न पाहिलेल्या माणसाची असते. संचाचे पीस हाताळून गंजतात, झिजतात. प्रत्येक तुकडीआधी पुन्हा मोजून घ्या, तेल लावून ठेवा.

खरी अडचण वेळेची. एका उमेदवाराला ४० मिनिटं धरली आणि तीन टेबलं मांडली, तर ३० जणांना ४०० मिनिटं लागतात, म्हणजे अख्खा दिवस. प्राध्यापकाच्या वर्कलोडमध्ये हा दिवस धरलेला नसतो, म्हणून दुसऱ्या तुकडीपासून गुपचूप एमसीक्यू परत येतात. परीक्षकाचा मोबदला शुल्कात आधीच धरा आणि तुकडी २४ वरच थांबवा. बाहेरचा परीक्षक कारखान्यातला हवा, पण उमेदवार ज्याच्या हाताखाली काम करतो तो नको. आणि लॅबमधल्या मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची (अचूकता पडताळणीची) मुदत संपलीय का हे जाहिरात देण्याआधी पाहा. हे सांगायची वेळ यावी हेच मुळात वाईट, पण येते.

नोकरी करणारे शिकायला यावेत असं म्हणायचं आणि ७५ टक्के हजेरीची अट ठेवायची, हे एकत्र चालत नाही. त्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि शिफ्ट आठवड्याला फिरते. म्हणून एकच सत्र सकाळी आणि संध्याकाळी दोनदा ठेवा, लॅब गुरुवारी उघडी ठेवा. पाच वर्षं तपासणीवर काढलेल्याला थेट परीक्षेला बसू द्या. अनुभवाला क्रेडिट देण्याची सोय राष्ट्रीय आराखड्यात आहे. ती वापरायची भीड का वाटते कळत नाही.

प्रमाणपत्रावर काय असावं यासाठी युरोपीय संघाच्या परिषदेच्या जून २०२२ च्या शिफारशीतली यादी उपयोगी आहे: उमेदवाराची ओळख, देणारी संस्था, तारीख, काय करता येतं, किती तास, कोणती पातळी, कशा प्रकारची परीक्षा, सहभागाचं स्वरूप, गुणवत्तेची हमी. आपल्याकडे बहुतेक प्रमाणपत्रांवर नाव, लोगो आणि तीन सह्या. 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' ऐवजी '०.०२१ मिमी टॉलरन्सच्या शाफ्टसाठी उपकरण निवडून निर्णय देतो, दोन फेऱ्यांत तपासले' असं लिहिलं, तर सुपरवायझर ते वाचेल.

क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या राष्ट्रीय ऑनलाइन खात्यात, जमा होतं आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं, पण जमा होणं आणि कामी येणं वेगळं. ते पदवीच्या कोणत्या व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य) किंवा एसईसी (कौशल्यवृद्धी) विषयाच्या जागी धरलं जाईल, हा ठराव कोर्स सुरू होण्याआधी बोर्ड ऑफ स्टडीजमधून (अभ्यास मंडळातून) आणि विद्वत परिषदेतून करून घ्या. स्वायत्त महाविद्यालयाला ते जमतं. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाची वाट पाहावी लागते, तेवढा वेळ वेळापत्रकात धरा. ठराव नसेल तर विद्यार्थी तेच दुसऱ्यांदा शिकतो.

न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मायक्रो-क्रेडेन्शिअलला मान्यता मिळायची तर गरजेचा पुरावा द्यावा लागतो आणि दरवर्षी फेरआढावा घ्यावा लागतो. आपल्याकडे सक्ती नसली तरी सहा महिन्यांनी त्याच सुपरवायझरांना फोन करा आणि तोच प्रश्न विचारा. उत्तरात जुन्याच तीन चुका आल्या तर परीक्षा ढिली आहे. नव्या चुका आल्या, उदाहरणार्थ गेज आर अँड आर (तोच पीस पुन्हा किंवा दुसऱ्याने मोजला तर आकडा किती बदलतो याची तपासणी) समजत नाही, तर पुढचं एक क्रेडिट त्यावर बांधा. लागोपाठ दोन तुकड्या भरल्या नाहीत तर कोर्स बंद करा आणि पिसांचे संच नियमित प्रॅक्टिकलच्या कपाटात ठेवा. तिथे ते नक्की वापरले जातील.